बारा ससे, एक मलम आणि प्रयोगाची रचना

गोवैद्य

पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी बारा सशांवर एका मलमाचा अभ्यास केला होता. भूल देऊन सशाच्या पाठीवर ठरावीक मापाची जखम करायची, सहा सशांना मलम आणि उरलेल्या सहांना औषध नसलेला साधा लेप लावायचा, आणि दर तिसऱ्या दिवशी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनाने गिरवायची, असे त्याचे स्वरूप होते. गिरवलेला आकार नंतर आलेखाच्या कागदावर ठेवून मी चौकटी मोजत असे. मलम लावलेल्या सशांच्या जखमा लवकर भरल्या, प्रबंध मान्य झाला, आणि ऊतींच्या तपासणीसाठी बाराही ससे अभ्यासाच्या अखेरीस मारले गेले.

बऱ्याच वर्षांनी एका विद्यार्थिनीने मला विचारले की, कोणता ससा कोणत्या गटात जाणार हे तुम्ही कसे ठरवले होते. तिला उत्तर देताना मला पहिल्यांदा माझी चूक दिसली. पिंजऱ्यात हात घातल्यावर जे ससे आधी हाती लागले ते मलमाच्या गटात गेले होते आणि जे कोपऱ्यात पळाले ते लेपाच्या गटात गेले होते. म्हणजे शांत, माणसाळलेले ससे एका बाजूला आणि घाबरट ससे दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी माझ्या नकळत झाली होती. सतत घाबरलेल्या प्राण्याच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली असतात आणि त्यांच्यामुळे जखम भरण्याचा वेग मंदावतो. शिवाय कोणत्या सशाला काय लावले आहे हे मला ठाऊक होते आणि कड गिरवणाराही मीच होतो. खपलीच्या काठाशी रेषा मिलिमीटरभर आत घ्यायची की बाहेर, हा निर्णय प्रत्येक वेळी माझ्याच हातात होता. मलम खरोखर गुणकारी असेलही; परंतु माझ्या प्रयोगातून ते कळण्याची सोय नव्हती, आणि ही गोष्ट पहिल्या सशाला भूल देण्यापूर्वीच ठरून गेली होती.

प्राण्यांवर प्रयोग करावेत की नाहीत, या प्रश्नावर पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिले जावेच. मला मात्र त्याच्या अलीकडचा एक प्रश्न अधिक टोचतो. ज्या प्रयोगातून काही कळण्याची शक्यताच नाही, त्या प्रयोगात प्राण्याने सोसलेल्या त्रासाचे समर्थन कोणत्या आधारावर करायचे? विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली: जिथे शक्य असेल तिथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि जे प्राणी वापरावेच लागतील त्यांचा त्रास कमी करावा. यातल्या दुसऱ्या तत्त्वाचा अर्थ ‘जितके कमी तितके चांगले’ असा सर्रास लावला जातो, आणि तो मला चुकीचा वाटतो. चाळीस प्राणी लागत असताना बारा वापरले, तर अठ्ठावीस वाचले असा हिशेब होत नाही, कारण ते बाराही वाया जातात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल लेखात काय काय लिहावे हे सांगणाऱ्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक सूचनांत प्राण्यांची संख्या कशी ठरवली, गट कसे पाडले, मोजणाऱ्याला गट ठाऊक होता का, कोणते प्राणी मोजणीतून वगळले आणि का, हे लिहिणे अत्यावश्यक बाबींमध्ये धरले आहे. असे असूनही या गोष्टींबद्दल एक ओळही नसलेले लेख अजून माझ्या वाचनात येतात. ज्यांनी असे अभ्यास केले आहेत, जवळून पाहिले आहेत किंवा ज्यांचे प्राणी त्यात सहभागी झाले आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

मोजपट्टी

डॉक्टर, तुम्ही स्वतःचीच चूक इतक्या स्पष्टपणे मांडलीत याबद्दल आभार. मी जीवसांख्यिकीत काम करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या आकडेवारीत याहूनही अधिक वेळा दिसणारी एक चूक सांगते. ती म्हणजे प्राणी मोजायचे की पिंजरे, यातली गल्लत.

समजा, पाण्यातून द्यायच्या एखाद्या औषधाचा अभ्यास आहे. चार पिंजरे आहेत, प्रत्येकात पाच उंदीर आहेत. दोन पिंजऱ्यांच्या बाटल्यांत औषध घातले आणि दोन पिंजऱ्यांना साधे पाणी दिले. लेखात लिहिले जाते की प्रत्येक गटात दहा उंदीर होते. परंतु औषध उंदराला वेगवेगळे दिलेले नसून पिंजऱ्याला दिलेले आहे. एका पिंजऱ्यातले पाचही उंदीर एकाच बाटलीतून पितात, एकमेकांची विष्ठा खातात, एकच दांडगा उंदीर बाकीच्या चौघांना चावतो, आणि मांडणीच्या वरच्या फळीवर असतील तर पाचही जण दिव्याच्या अधिक जवळ असतात. त्यामुळे तुलना खरे तर दोन विरुद्ध दोन अशी आहे, आणि दोन विरुद्ध दोन या तुलनेतून जवळजवळ काहीच सिद्ध करता येत नाही. एकाच आवारात बांधलेल्या आणि एकाच हौदावर पाणी पिणाऱ्या वासरांनाही हेच लागू आहे. गर्भावर होणाऱ्या परिणामांच्या अभ्यासात तर पिल्ले मोजण्याचा मोह फार होतो, कारण एका मादीला दहा-बारा पिल्ले होतात. परंतु औषध मादीला दिलेले असते, त्यामुळे मोजायची ती मादी. एका वेतातली पिल्ले ही स्वतंत्र साक्षीदार मानता येत नाहीत.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांनी त्याच काही वंशांचे, एकाच वयाचे उंदीर, एकसारखी उपकरणे आणि एकसारखे वेळापत्रक वापरून वर्तनाच्या त्याच चाचण्या घेतल्या. वंशावंशांमधले मोठे फरक तिन्ही ठिकाणी दिसले. परंतु काही चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळेगणिक बदलले. याचा अर्थ असा की एका खोलीत, एका आठवड्यात, एका माणसाच्या हातून मिळालेला निकाल हा काही अंशी त्या खोलीचा आणि त्या हातांचाही निकाल असतो. म्हणून सगळे काही अगदी एकसारखे ठेवण्यापेक्षा प्रयोग दोन-तीन तुकड्यांत, थोड्या वेगवेगळ्या परिस्थितीत करावा, असे माझे मत आहे. तुकड्या बदलूनही जो फरक टिकतो त्यावर मी विश्वास ठेवीन.

विवेक_स

वरील दोन्ही प्रतिसादांतला प्रामाणिकपणा मला मान्य आहे, परंतु दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. रचना सुधारली की प्राण्यावरचा प्रयोग माणसाबद्दल काही सांगू लागतो, हेच मुळात मला पटलेले नाही.

मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड-औषध देण्यात आले. माकडांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाएवढीच मात्रा त्यांना दिली होती. काही तासांतच सहाही जणांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले. ते वाचले, परंतु अतिदक्षता विभागातल्या उपचारांमुळे वाचले. एएलएस या चेतापेशींच्या आजारात उंदरांवर उपयुक्त ठरलेले मिनोसायक्लिन माणसांना दिल्यावर रुग्णांची अवस्था अधिक वेगाने ढासळली, हे २००७ मध्ये दिसले. पुढे एका संस्थेने तशीच सत्तरहून अधिक संयुगे त्याच जातीच्या उंदरांवर काटेकोर पद्धतीने पुन्हा तपासली, तेव्हा आधी जाहीर झालेले फायदे उंदरांमध्येसुद्धा दिसेनात. त्या उंदरांचे जीव कशासाठी गेले? उत्तम रचना केलेला प्रयोगही चुकीच्या प्राण्यावर केला, तर आपल्याला चुकीचेच उत्तर अधिक खात्रीने मिळेल.

गोवैद्य

विवेक, तुमची शेवटची ओळ मला मान्य आहे. उदाहरणे मात्र एकेक करून पाहू या, कारण ती एकाच प्रकारची नाहीत.

एएलएसचे उदाहरण रचनेच्या बाजूनेच साक्ष देते. काटेकोर पद्धत वापरल्यावर उंदरांनी ‘फायदा नाही’ असेच सांगितले. चुकीचे उत्तर आधीच्या ढिल्या प्रयोगांनी दिले होते. टीजीएन१४१२ ची गोष्ट वेगळी आहे. ते औषध टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरच्या सीडी२८ या रेणूला चिकटत असे. माणसाच्या ज्या स्मृती-पेशींवर हा रेणू असतो, त्याच प्रकारच्या माकडाच्या पेशींवर तो नसतो, हे नंतर उमगले. इथे प्राणी खरोखरच चुकीचा होता, आणि माणसाच्या पेशींवर योग्य प्रकारे केलेली चाचणी अधिक बोलकी ठरली असती. सहाही जणांना काही मिनिटांच्या अंतराने औषध देणे हा तर माणसांवरच्या प्रयोगाच्या रचनेतला दोष होता. आता पहिल्या व्यक्तीवरचा परिणाम पाहिल्यावरच दुसऱ्या व्यक्तीला औषध दिले जाते.

थॅलिडोमाइडचे नावही अशा चर्चेत नेहमी येते, म्हणून तेही सांगतो. १९५७ मध्ये विक्रीला आलेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलेले हे औषध गाभण प्राण्यांवर नीट तपासलेच गेले नव्हते. नंतर तपासले तेव्हा उंदीर फारसे बाधले नाहीत, परंतु सशांच्या पिल्लांमध्ये पायांचे व्यंग दिसले. म्हणूनच पुढे गर्भावरच्या परिणामांसाठी उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांबरोबर सशासारखी दुसरी जातही तपासण्याची पद्धत रूढ झाली.

जातीजातींमधला फरक पशुवैद्याला रोजच भेटतो. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करून बाहेर टाकणारी यकृतातली एक प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. काही कोली कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाच्या मोठ्या मात्रेने फेफरे येते आणि ते बेशुद्ध पडतात. मेंदूत औषध शिरू न देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात त्यांच्यात बिघाड असतो, हे २००१ मध्ये समजले. पेनिसिलिनने १९४० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगात आठपैकी चार उंदीर जगवले आणि औषध न दिलेले चार सकाळपर्यंत मेले. तेच पेनिसिलिन गिनीपिगला दिले तर त्याच्या आतड्यातला जिवाणूंचा समतोल ढासळून तो मरू शकतो. तेव्हा फ्लोरी यांच्या हाताशी उंदरांऐवजी गिनीपिग असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. प्राणी निवडणे हाही रचनेचाच भाग आहे, आणि तो सगळ्यांत कठीण भाग आहे. ‘आमच्याकडे उंदीर होते’ हे निवडीचे कारण होऊ शकत नाही.

रानपाखरू

जातीजातींमधल्या फरकाचा प्रश्न दुसऱ्या टोकाकडूनही पाहावा, असे मला वाटते. माणसासाठी प्राणी तपासण्याऐवजी पक्ष्यासाठी पक्षी तपासावा लागला, त्याचे हे उदाहरण आहे.

दक्षिण आशियातली गिधाडे १९९० च्या दशकापासून झपाट्याने नाहीशी होऊ लागली. मेलेल्या गिधाडांच्या पोटातल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला असे, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेली असत. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांच्या मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात जाते आणि तेच मृत्यूचे कारण आहे, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्या अभ्यासात मोजक्या बंदिस्त गिधाडांना औषध देऊन कारण आणि परिणाम यांचा दुवा पक्का करण्यात आला होता. पुढचा प्रश्न होता तो पर्यायी औषधाचा. मेलॉक्सिकॅम आधी आफ्रिकेतल्या, तेव्हा तितक्या संकटात नसलेल्या गिधाडांना थोड्या मात्रेपासून चढत्या क्रमाने देऊन पाहिले, आणि ते सुरक्षित दिसल्यावरच आशियातल्या दुर्मीळ गिधाडांना दिले. २००६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी घातली.

ज्या गिधाडांना डायक्लोफेनॅक दिले त्यांतली बरीच मेली, हे मी विसरू शकत नाही. परंतु कोणत्याही पेशीसंवर्धनातून किंवा कोंबडीवरच्या चाचणीतून हे उत्तर त्या काळात मिळाले नसते. केटोप्रोफेन हे त्याच वर्गातले औषधही गिधाडांना घातक ठरते, तेव्हा ‘एक सुरक्षित तर दुसरेही सुरक्षित’ असा अंदाज बांधणे किती धोक्याचे होते ते लक्षात येते.

शमा

मी संशोधक नाही. माझी कुत्री तेरा वर्षांची असताना सांधेदुखीच्या एका औषधाच्या चाचणीत सहभागी झाली होती. संमतिपत्रावर सही करताना मला सांगण्यात आले होते की तिला औषध मिळेल किंवा तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी मिळेल, आणि कोणती ते मला किंवा डॉक्टरांना ठाऊक नसेल. दर आठवड्याला एक प्रश्नावली भरायची होती: ती उठताना कण्हते का, जिना चढते का, फिरायला निघताना मागे रेंगाळते का. तिसऱ्या आठवड्यापासून मी जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ‘सुधारणा’ असे उत्तर दिले, आणि मला ती सुधारणा खरोखर दिसत होती. ती सकाळी दारापर्यंत माझ्याआधी पोहोचते, असे मी एका कागदावर वेगळे लिहूनही ठेवले होते. चाचणी संपल्यावर कळले की तिला निष्प्रभ गोळी मिळत होती.

मला फसवले गेल्यासारखे वाटले नाही, परंतु फार वाईट वाटले. तिचे पाय दुखतच होते आणि मी ‘बरे आहे’ असे लिहीत होते.

गोवैद्य

शमाताई, तुम्ही जे लिहिले आहे ते पशुवैद्यकातल्या चाचण्यांमधले फार महत्त्वाचे सत्य आहे. प्राणी स्वतःच्या वेदनेबद्दल बोलत नाही, त्यामुळे निष्प्रभ गोळीचा परिणाम त्याच्यावर होण्याऐवजी त्याच्याकडे पाहणाऱ्यावर होतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निष्प्रभ गोळी मिळालेल्या लंगड्या कुत्र्यांचे मालकांनी आणि पशुवैद्यांनी केलेले मूल्यमापन फोर्स प्लेटच्या नोंदींशी ताडून पाहिले होते. फोर्स प्लेट म्हणजे जमिनीत बसवलेली अशी पट्टी की जिच्यावरून कुत्रा चालत गेला असता कोणत्या पायावर त्याने किती भार टाकला हे मोजले जाते. पट्टीवर काहीही सुधारणा दिसत नसताना मालकांना ती दिसत होती, आणि पशुवैद्यांनाही दिसत होती. तेव्हा आमचा प्रशिक्षित डोळा तुमच्यापेक्षा फार वेगळा नाही. तुमच्या प्रश्नावलीमुळे आणि तुमच्या कुत्रीमुळे त्या चाचणीला खरी तुलना मिळाली. मात्र अशा चाचणीत दुखणे वाढल्यास देण्याचे वेदनाशामक आधीच ठरवून ठेवलेले असायला हवे, आणि मालकाने ते कधीही मागावे, हे सही घेतानाच स्पष्ट सांगायला हवे. ते तुम्हाला सांगितले गेले होते का?

शमा

कागदावर लिहिलेले होते, असे आता आठवते. तोंडी कोणी सांगितले नव्हते.

मोजपट्टी

तुलनेचा गट नसलेला अभ्यासही कधी कधी योग्य असतो, हे इथेच नोंदवते. मांजरांच्या एफआयपी या कोरोनाविषाणूजन्य आजारात उपचाराविना जवळजवळ सगळी मांजरे दगावत असत. २०१९ मध्ये जीएस-४४१५२४ या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आपोआप हा आजार झालेल्या ३१ पाळीव मांजरांपैकी २६ मांजरांनी किमान बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला आणि त्यांतली २५ मांजरे दीर्घकाळ जगली. इतका मोठा फरक दिसण्यासाठी आणखी तीस मांजरांना निष्प्रभ इंजेक्शन देऊन मरू देण्याची गरज नव्हती. सांधेदुखी मात्र आठवड्यागणिक कमीजास्त होणारा आजार आहे, तिथे तुलनेशिवाय पर्याय नाही.

प्राणिगृह

मी अनेक वर्षे प्रयोगप्राण्यांची देखभाल करतो आहे. वर संख्या आणि गट यांवर बरेच लिहून झाले. मला हातांबद्दल लिहायचे आहे.

उंदराला शेपटीच्या मुळाशी धरून उचलावे, असे मला पहिल्या दिवशी शिकवले गेले आणि मी वर्षानुवर्षे तसेच उचलत आलो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की शेपटीला धरून उचललेले उंदीर अधिक चिंताग्रस्त वागतात, आणि नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाच्या हाताकडे आपणहून येतात. आमच्याकडे आता प्रत्येक पिंजऱ्यात पारदर्शक नळीचा तुकडा असतो. उंदीर नळीत शिरला की नळीच उचलायची. पहिल्या आठवड्यात वेळ जास्त लागतो, हे खरे आहे. दुसऱ्या आठवड्यात मी झाकण काढले की काही उंदीर आधीच नळीत जाऊन बसलेले असतात, आणि पूर्वी माझ्या हातावर दररोज पडणारे लघवीचे थेंब जवळजवळ बंद झाले आहेत. घाबरलेला उंदीर उचलताच मुततो, हे मी इतकी वर्षे स्वाभाविक मानत होतो.

वेदना ओळखण्याचेही तसेच आहे. २०१० मध्येच उंदराच्या चेहऱ्यावरून वेदनेला गुण देण्याची पद्धत आली: डोळे किती मिटले आहेत, नाक आणि गाल फुगले आहेत का, कान कुठे वळले आहेत, मिशा कशा उभ्या आहेत. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण दिले जातात. पुढे ससे, घोडे आणि मांजरे यांच्यासाठीही अशा पद्धती तयार झाल्या. शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळी चक्कर मारताना मी आधी पिंजऱ्यापासून दूर उभा राहून पाहतो, कारण जवळ गेल्यावर उंदीर दुखणे लपवतो. २०१४ मध्ये तर असेही दिसून आले की खोलीत पुरुष असेल, किंवा त्याने घातलेला शर्ट नुसता ठेवलेला असेल, तरी उंदरांचा ताण वाढतो आणि त्यांच्या वेदनेच्या खुणा कमी दिसतात. तेव्हा संध्याकाळच्या नोंदी कोणी घेतल्या हे लिहून ठेवले नाही, तर दोन आठवड्यांची आकडेवारी एकमेकांशी जुळणारच नाही.

आणखी एक बाब राहिली. प्रयोगशाळा साधारण २० ते २४ अंश सेल्सियसला ठेवतात, कारण पूर्ण कपडे घालून काम करणाऱ्या माणसाला ते बरे वाटते. उंदराला शरीर ऊबदार ठेवण्यासाठी जादा ऊर्जा खर्च करावी लागू नये, असे तापमान सुमारे ३० अंश आहे. घरटे बांधायला पुरेसा कागद दिला नाही, तर आपण ज्याला निरोगी उंदीर म्हणतो तो खरे तर थंडीशी झुंजणारा उंदीर असतो.

विवेक_स

हा प्रतिसाद वाचून माझे मूळ मत बदललेले नाही, परंतु एक गोष्ट मी नव्याने मान्य करतो. जे प्राणी आज, या क्षणी, पिंजऱ्यात आहेत त्यांच्यासाठी नळीचा तुकडा माझ्या तात्त्विक विरोधापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

तरीही पर्यायांचा आग्रह सोडू नये. इंजेक्शनच्या औषधात ताप आणणारे जिवाणूंचे विष आहे का, हे पूर्वी सशाला ते टोचून त्याचा ताप मोजून ठरवत. १९७० च्या दशकापासून त्याची जागा नालखेकड्याच्या रक्तातल्या पेशींपासून केलेल्या चाचणीने घेतली. तिथेही रक्त एका प्राण्याचेच होते. आता त्या चाचणीसाठी रक्तातून लागणारे प्रथिन कृत्रिमरीत्या तयार करता येते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्यातील बदलाने नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढून टाकली आणि पेशींवर किंवा संगणकीय प्रारूपांवर आधारलेल्या पुराव्यालाही वाट मोकळी करून दिली. प्रत्येक प्रस्तावात ‘पर्याय उपलब्ध नाही’ हे वाक्य लिहिण्याआधी पर्याय कुठे आणि किती शोधला हे सांगण्याची सक्ती असावी, एवढी माझी मागणी आहे.

डॉक्टर, त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले?

गोवैद्य

विवेक, तुमची मागणी मला पूर्ण मान्य आहे.

त्या विद्यार्थिनीचा अभ्यास दुभत्या जनावरांच्या सडांना झालेल्या जखमांवरच्या एका मलमाचा होता. दवाखान्यात आपोआप येणारी जनावरे तिने घेतली, मुद्दाम जखम एकालाही केली नाही. कोणत्या जनावराला कोणता डबा द्यायचा हे संगणकाने काढलेल्या यादीवरून ठरत होते, यादी दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याच्या कपाटात बंद होती, आणि डब्यांवर फक्त आकडे होते. जखमेची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घेतली जात आणि मोजणारी व्यक्ती जनावर पाहतही नसे. किती जनावरे लागतील हे तिने आधी गणित करून ठरवले होते आणि ती संख्या पूर्ण व्हायला तिला ठरल्यापेक्षा सात महिने अधिक लागले. त्या काळात मीच दोनदा तिला ‘आता पुरे’ असे म्हणालो होतो, आणि तिने ऐकले नाही.

यादी उघडली तेव्हा दोन्ही डब्यांच्या निकालांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तिने तसेच लिहिले. प्रबंधाच्या परीक्षकांपैकी एकाने, मग यातून मिळाले काय, असे विचारले. तेव्हा तिने सांगितले की ते मलम सडांच्या जखमांवर वापरण्याचे कारण आता उरलेले नाही. ते मलम माझ्या सशांना लावले होते तेच होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी माझे जुने पारदर्शक कागद काढून पाहिले. दोन रंगांच्या पेनांनी गिरवलेले होते: मलमासाठी हिरवा आणि लेपासाठी लाल.